मिक्सर न्यायचा की नाही?

इंग्लंडला मिक्सर बिनधास्त ने. तिथेही आपल्यासारखाच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ पुरवठा. फक्त पिना वेगळ्या. अ‍ॅडॉप्टर मात्र आत १३ अँपिअरचा फ्यूज असलेलाच घे, स्वस्तातला नको. तिथल्या प्लगची वरची अर्थिंगची पिन मुद्दाम लांब असते. ती आधी आत शिरते आणि खालच्या दोन भोकांवरचे पडदे उघडते. दोन पिनांचा प्लग बसवायला अर्थिंगच्या भोकात पेन खुपसायची सवय असेल, तर ती इथेच सोडून जा, कळकळीने सांगतो. बटण आपल्यासारखंच, खाली दाबलं की चालू.

अमेरिकेला जाणार असशील तर मिक्सर घरीच ठेव. तिथे १२० व्होल्ट. अ‍ॅडॉप्टर पिना जुळवतो, व्होल्टेज नाही. शिवाय सॉकेटला सहसा बटण नसतं, म्हणून इस्त्री झाली की प्लगच काढायचा. चार्जरवर १००-२४० छापलेलं असेल तर तो दोन्हीकडे चालतो.