'वन मोअर डे'मध्ये माती लेखकाने खाल्ली की संपादकाने?

तुम्ही विचारलंय की मार्व्हल कॉमिक्सचा लेखक स्ट्रॅझिन्स्की याने 2001 पासून सहा वर्षं इतका झकास स्पायडर-मॅन लिहिला, मग जाता जाता 'वन मोअर डे' या कथेत एवढी माती का खाल्ली? की ती त्याला कुणी खायला लावली?

बरीचशी खायला लावली. पण संपादकाने हात घातला की गोष्ट बिघडते, इतकं सरळ प्रकरण नाही ते.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: 'सिव्हिल वॉर' या आधीच्या मालिकेत पीटर, म्हणजे स्पायडर-मॅन, जगासमोर मुखवटा काढतो, आणि मग त्याच्यावर झाडलेली गोळी त्याला वाढवणाऱ्या मे काकूंना लागते. (काकूच. त्यांचा नवरा बेन हा पीटरच्या वडिलांचा भाऊ. मावशी म्हणणाऱ्यांशी मी भांडतो.) काकू मरणाच्या दारात, तेवढ्यात मेफिस्टो नावाचा सैतान हजर. काकूंना वाचवतो, बदल्यात तुमचं लग्न द्या. पीटर आणि त्याची बायको मेरी जेन हो म्हणतात आणि 1987 साली झालेलं लग्न कधी झालंच नव्हतं, असं होतं.

मार्व्हलचा तेव्हाचा मुख्य संपादक जो केसाडा. त्याचं म्हणणं उघड होतं: लग्न झालेला पीटर थोराड वाटतो, आणि घटस्फोटित किंवा विधुर केला तर आणखीच थोराड. म्हणजे मुक्काम आधीच ठरलेला, लेखकाने फक्त रस्ता काढायचा. त्यात हे चार भाग केसाडाने स्वतःच चितारले. शेवटच्या दोन भागांवरून माझं नाव काढा असं आपण म्हटलं होतं, मग केसाडाने समजूत घातली म्हणून ठेवलं, हे स्ट्रॅझिन्स्कीने नंतर जाहीरपणे सांगितलं. 2004 च्या 'सिन्स पास्ट' या कथेचंही तेच. पीटरची जुनी प्रेयसी ग्वेन, तिची मुलं स्ट्रॅझिन्स्कीला पीटरची दाखवायची होती. एवढी मोठी मुलं म्हणजे पुन्हा वयाचा प्रश्न, म्हणून ती खलनायक नॉर्मन ऑस्बॉर्नच्या पदरात. वाचकांनी शिव्या घातल्या त्या लेखकाला.

मला हे का कळतं, तर मी पुण्यात गणेश मंडळांच्या जिवंत देखाव्यांची स्क्रिप्ट लिहितो. हसू नका. पात्र कंपनीचं तसा गणपती मंडळाचा. लेखक येतो, दहा दिवस मिरवतो, पुढच्या वर्षी दुसरा.

एका वर्षी विषय होता अवयवदान. अपघातात मुलगा जातो, आई फॉर्मवर सही करते, बारा मिनिटांत खेळ खलास. वाचनाच्या दिवशीच अध्यक्षांनी माझं दीड मिनिटाचं निवेदन उडवलं. "लोक रस्त्यावर उभे असतात, मागून ढकलाढकली चालू असते. पहिल्या मिनिटात आई कोण, मुलगा कोण कळलं पाहिजे." मला राग आला. पण माणूस बरोबर होता.

मग रेकॉर्डिंग झालं. जिवंत देखाव्यात आवाज आधीच रेकॉर्ड केलेला असतो, नट नुसते ओठ हलवतात. त्यानंतर एक मोठे देणगीदार म्हणाले, बाप्पासमोर मरण नको, मुलगा जगवा. अवयवदानाच्या देखाव्यात! आईचं संमतीचं वाक्य कापलं, डॉक्टरच्या तोंडी "चमत्कार झाला" घातलं आणि वर आरतीचा तुकडा चिकटवला. पण आईच्या हालचाली बसलेल्या होत्या, त्या कोण बदलणार? रोज रात्री ती बाई हातात पेन घेऊन, डोळे पुसत, फॉर्मवर सही करायची आणि मुलगा टुणकन उठून बसायचा. चौथ्या दिवशी गर्दीतल्या एका पोराने बापाला विचारलं, "पप्पा, ती कसला फॉर्म भरतीये?"

'वन मोअर डे'च्या शेवटच्या भागात पीटरचा मेलेला मित्र हॅरी ऑस्बॉर्न धडधाकट परत आलेला दिसला, तेव्हा मला तो फॉर्म आठवला.

आता उलटं उदाहरण. 1980, एक्स-मेन अंक 137. लेखक क्लेअरमाँट आणि चित्रकार बर्न यांनी जीन ग्रे या नायिकेला फिनिक्सच्या रूपात एक तारा गिळायला लावला होता, त्यात पाच अब्ज जीव असलेला ग्रह संपला. त्यांच्या मूळ शेवटात तिच्या शक्ती काढून घेतात आणि ती घरी जाते. पानं चितारूनही झाली होती. मुख्य संपादक जिम शूटर अडून बसला: एवढ्या हत्या करून घरी? शिक्षा हवी. ओढाताण झाली आणि शेवटी जीन मेली. मूळ शेवट 1984 मध्ये वेगळा छापला गेला. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. शूटरचा हट्ट नसता तर ती गोष्ट आज कुणाला आठवलीही नसती. ढवळाढवळ तीही होती, आणि आमच्या देणगीदारांइतकीच उशिरा. फरक इतकाच की शूटर जे मागत होता ते गोष्टीतच पडलेलं होतं. ग्रह क्लेअरमाँट-बर्ननेच मारला होता, शूटरने फक्त बिल पुढे केलं.

गंमत बघा, त्याच शूटरच्या अमदानीत 1986 मध्ये जीन परत आली. का, तर 'एक्स-फॅक्टर' नावाचं नवं मासिक काढायचं होतं. न्यूयॉर्कजवळच्या जमैका बे या खाडीच्या तळाशी एका कोषात खरी जीन झोपलेली होती म्हणे, मेली ती दुसरीच. इकडे क्लेअरमाँटने 1983 मध्येच जीनचा प्रियकर सायक्लॉप्स याचं मॅडलिन नावाच्या बाईशी लग्न लावून दिलेलं, पुढे मुलगाही झालेला. नव्या मासिकासाठी तो बायको आणि तान्हं पोर टाकून निघाला. सज्जन माणूस एका अंकात नालायक झाला, आणि त्या पात्राला तो डाग अजून धुता आलेला नाही.

तेव्हा एखाद्या रनमध्ये, म्हणजे एकाच लेखकाने सलग लिहिलेल्या अंकांत, पात्र अचानक स्वभाव सोडून वागलं, तर लेखकाला शिव्या घालण्याआधी त्या महिन्यांत कंपनी काय काढत होती ते बघा. नेहमी सापडेलच असं नाही. काही लेखक स्वतःच्या बळावरही माती खातात.

पुढच्या वर्षी अध्यक्षांचा पुन्हा फोन आला. विषय हेल्मेट. पुण्यात! मी म्हटलं, येतो, पण शेवटी मुलगा मरतोय की जगतोय ते देणगीदारांना आजच विचारून घ्या.