गल्याथ साडेनऊ फूट होता की पावणेसात?

प्रश्न: जुन्या करारात अवाढव्य माणसं सारखी भेटतात, नेफिलीम, अनाकी, बाशानचा ओग राजा, गल्याथ. एवढी उंच माणसं खरंच होती का? आणि मला ते पटत नसेल तर माझा विश्वास कच्चा समजायचा का?

उत्तर: नाही हो, एवढं मनाला लावून घेऊ नका. आधी फुटांचं बघू कारण सगळे तिथेच अडकतात. आपल्या बायबलात गल्याथ सहा हात एक वीत, म्हणजे साधारण साडेनऊ फूट, पण मृत समुद्राजवळच्या गुहेत मिळालेल्या शमुवेलच्या पुस्तकाच्या (गल्याथची गोष्ट यातच आहे) गुंडाळीत आणि जुन्या ग्रीक भाषांतरात चार हात एक वीत आहे, म्हणजे पावणेसात. तेव्हाच्या मानाने तोही धिप्पाडच, त्यात अंगावर ५००० शेकेलचं चिलखत, ५० किलोच्या वरच भरेल. तेव्हा साडेनऊवरच अडून बसायची गरज नाही.

मला विचाराल तर खरी गोष्ट बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या १३व्या अध्यायात आहे. मोशेने कनान, म्हणजे देवाने इस्राएलला देऊ केलेला देश, हेरायला १२ जण पाठवले, ते ४० दिवस फिरले, येताना द्राक्षांचा एक घोस आणला तो दोघांनी दांडीवर घालून आणावा लागला, म्हणजे जमीन कशी आहे याचा पुरावा खांद्यावरच होता आणि तरी दहा जणांचं रडगाणं काय तर तिथे अनाकी आहेत, त्यांच्यापुढे आम्ही स्वतःला नाकतोडे वाटलो आणि त्यांनाही तसेच वाटलो. आता त्यांना काय वाटलं हे यांना कुणी सांगितलं, विचारायला गेले होते का? आणि गंमत बघा, बारातले उरलेले दोघे, कालेब आणि यहोशवाही, ती माणसं उंच नव्हती असं कुठेच म्हणत नाहीत. दहा जणांच्या हिशोबात फक्त देव धरलेला नव्हता. त्यापायी सगळी पिढी ४० वर्षं रानात.

इस्राएलचा राजा शौल, त्याचंही तेच. सगळ्या इस्राएलात खांद्यापासून वर उंच असा हाच एक, गल्याथसमोर जायचं तर यानेच, पण ४० दिवस तो गल्याथ, शत्रूच्या पलिष्टी सैन्यातला, रोज येऊन शिव्या देतोय आणि राजेसाहेब छावणीत. गेला कोण तर मेंढरं राखणारा दावीद.

आणि कालेब, ८५ वर्षांचा म्हातारा, कनानच्या जमिनीच्या वाटणीच्या वेळी नेमका हेब्रोनचा डोंगराळ भाग मागतो, जिथे अनाकी राहतात तोच! सपाट, निवांत जमीन मागितली असती तर कोण नाही म्हणालं असतं? मला तर दावीदने गोफणीने गल्याथला पाडलं त्यापेक्षा हा प्रसंग जास्त आवडतो.

ओगचा नऊ हात लांब लोखंडी पलंग काही अभ्यासकांना दगडी शवपेटी वाटते, वाटू दे. राहिले नेफिलीम, त्यांच्यावर दोन-तीन ओळींपलीकडे काही लिहिलेलंच नाही, देवदूतांची संतती की आदामाचा मुलगा शेथ याच्या वंशाची हा वाद फार जुना आहे, यातली कुठलीही बाजू घ्या, विश्वासातून कोणी तुमचं नाव कापणार नाही.