म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यावर पांढरा डाग: मोतीबिंदू की दुसरं काही?

तुम्ही विचारलंत: खानापूरकडच्या तुमच्या पॉमचं (पॉमेरेनियन कुत्र्याचं) वय १२, एका डोळ्यावर चुन्यासारखा डाग, आणि तो डोळा मिटून धरतो. मोतीबिंदू बाहुलीच्या आत दिसतो. हा डाग वर, खडबडीत आहे, म्हणजे बहुधा कॉर्नियात (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात) कॅल्शियम किंवा चरबी साठतेय. डोळा मिटतोय म्हणजे दुखतोय, जखमही असेल. घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब अजिबात घालू नका, जखम असली तर डोळा फुटायची भीती! बेळगावात जनावरांच्या डॉक्टरांकडून फ्लुरोसीन (डोळ्यात घालायचा रंग) लावून बघा, जखम हिरवी चमकते. मग अँटिबायोटिक, कृत्रिम अश्रू, कॅल्शियम असेल तर ईडीटीएचे (कॅल्शियम धरून काढणाऱ्या औषधाचे) थेंब. भागलं नाही तर वरचा थर खरवडतात. डाग परतही येतो. रक्त तपासाच, कुशिंग (हार्मोनचा आजार) किंवा थायरॉइडचा त्रास मागे असू शकतो. डाग चरबीचा निघाला तर तूप-भाताचे लाड बंद.