गाडी दारात, पाणी बाहेर

वाचकांचे प्रश्न : घर-अंगण

प्रश्न : स.न.वि.वि. आमचं घर रस्त्याच्या खालच्या अंगाला आहे. फाटकापासून पडवीपर्यंतची वाट ६० फूट लांब, १० फूट रुंद. तेवढ्या लांबीत ती साडेसात फूट उतरते. आजवर लाल मातीच होती. गेल्या गणपतीत मुलाची गाडी उतरली ती परत चढेना. चाकं जागच्या जागी फिरून चिखल उडवत होती. शेवटी आरती थांबवून वाडीतली सात-आठ माणसं ढकलायला आली. आता पक्कं करायचं ठरलंय. सौ. म्हणते, जांभा दगड लावा, आपली पाखाडी (दगडी पायवाट) तशीच होती. मुलगा मुंबईहून पार्किंग टाइल्सचे फोटो पाठवतो. गवंडी म्हणतो, पेव्हर ब्लॉक टाका, आठवड्यात मोकळे. शेजाऱ्यांचा सल्ला डांबराचा. काय करावं?
— एक निवृत्त शिक्षक, गुहागर तालुका

उत्तर : गुरुजी, तुम्ही उताराचं माप कळवलंत याबद्दल आधी आभार. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत गाडीचा रंगसुद्धा असतो, उतार नसतो. साठ फुटांत साडेसात, म्हणजे आठास एक. गाडीला जमण्यासारखा आहे, पण वरचं जे काही टाकाल ते दर पावसाळ्यात खाली घसरू बघणार.

तुमच्यातला हिशोबी मास्तर जागा करते. वाट ६०० चौरस फूट, म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. आपल्याकडे जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पडला तर कुणी खिडकीतून डोकावूनही बघत नाही. त्या दिवशी नुसत्या वाटेवर ५,६०० लिटर पडतात. रस्त्यावरून फाटकातून शिरतं ते वेगळंच. आज त्यातलं थोडं माती पिते, थोडं कडेने जातं. सलग पक्कं केलंत की झाडून सगळं पडवीच्या पायरीशी. म्हणून काय लावायचं ते शेवटी ठरवू, आधी पाण्याला वाट देऊ.

फाटकाशी दोन-तीन इंचांचा उंचवटा ठेवा, रस्त्याचं पाणी तिथेच वळेल. पडवीच्या अलीकडे वाटेला आडवी, नऊ इंच रुंद चर आणि तिच्यावर लोखंडी जाळी. जाळी उचलता येईल अशी हवी, सिमेंटात गाडलेली नको. आंब्या-फणसाची पानं जूनमध्ये पहिल्या आठवड्यातच ती चर भरून टाकतात, आणि मग छत्री धरून ती काढणारे तुम्हीच असणार. चरीचं पाणी घराच्या बगलेने पऱ्यात (ओढ्यात) सोडा. रस्त्याकडेच्या गटारावर भराव घालून फाटक करू नका. परवानगी घेऊन मोठा पाइप टाका, आत फावडं जाईल एवढा.

आता काकूंचा जांभा. माझं आजोळ पाखाडीवरचंच, त्यामुळे माझा जीव त्यात आहे हे कबूल करते. खाणीत ओला असतो तेव्हा हा दगड मऊ, हत्याराने कापता येतो. वारा-ऊन लागलं की कडक होतो. फ्रान्सिस बुकानन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरने मलबारात लोक त्याच्या विटा पाडताना पाहिले आणि १८०७ साली छापलेल्या पुस्तकात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव दिलं, लॅटेराइट. पण विटेसारखा म्हणजे भिंतीला उत्तम. पायांनी शंभर वर्षं चालाल तरी पाखाडीला फारसं काही होत नाही. गाडीचं चाक मात्र चालत नाही, जागेवर वळताना घासतं. माझ्या कामातल्या एका घरी आम्ही हौसेने जांभ्याचं वाहनतळ केलं होतं. तिसऱ्या वर्षी चाकं वळायची त्या दोन जागी चिरे बशीसारखे खोलगट झाले आणि झाडू मारला की लाल पीठ निघायचं. शिवाय शेवाळ. आजी श्रावणापर्यंत पाखाडीवर नारळाच्या झावळ्या आडव्या टाकून ठेवायची, पाय घसरू नये म्हणून. गाडीला झावळ्या कुठून पुरवायच्या?

पेव्हर ब्लॉकबद्दल तुमचा गवंडी अगदीच चुकीचं सांगत नाही. सपाट जागेवर मी स्वतः तेच सुचवते. पण उतारावर मी एकदा पोळले आहे, तेही माझ्या स्वतःच्या दारात. ६० मिलिमीटरचे ब्लॉक, खाली कचेचा (दगडाच्या बारीक चुऱ्याचा) थर, आणि घाईघाईत खालच्या टोकाचा कर्ब, म्हणजे ब्लॉक अडवणारी कड, ‘नंतर घालू’ म्हणून राहिला. जुलैत सांध्यांतून पाणी शिरलं, कच धुपून खाली पडवीत आली, आणि वरच्या बाजूला दोन ओळींमध्ये माझी करंगळी जाईल एवढी फट पडली. गणपतीपर्यंत अख्खी रांग इंचभर उतरली होती. नवरा अजून पाहुण्यांना ती जागा दाखवतो. उतारावर पेव्हर करायचेच तर खाली काँक्रीटची आडवी कड आणि मध्येमध्येही तशाच कडा लागतात. मग ‘आठवड्यात मोकळे’ उरत नाही.

टाइल्स नकोत. फोटोत छान दिसतात, पण उतारावर पावसाचं पाणी आणि टायरचा चिखल आला की त्यांचा खडबडीतपणा पुरत नाही, आणि खाली एक जागा पोकळ राहिली की चाकाखाली टाइल तडकते. डांबराला रोलर लागतो, गरम माल लागतो, आणि साठ फुटांसाठी तो कुणी मुद्दाम आणत नाही. रस्त्याच्या कामातला उरलेला माल मिळेल असं शेजारी म्हणत असतील. तो सरकारी माल. गुरुजींना मी काय सांगू?

मी सुचवते त्या चाकपट्ट्या. जुन्या बंगल्यांच्या दारात पाहिल्या असतील. अडीच-अडीच फुटांच्या दोन काँक्रीटच्या पट्ट्या, मध्ये अडीच फूट मोकळं. त्या मधल्या भागात काकूंचा जांभा. तिथे चाक जात नाही, म्हणजे झिजायचा प्रश्न नाही. चिरे मातीत बसवा, सांधे सिमेंटने भरू नका. तेवढंच पाणी जिरेल आणि विहिरीला लागेल. दोन्ही कडांना सव्वा-सव्वा फूट उरतो, तिथे उथळ पाट.

खर्चाचंही बघा. पूर्ण दहा फूट रुंदीत पाच इंच काँक्रीट म्हणजे अडीच ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). १:१॥:३ (सिमेंट, वाळू, खडी) या मालाला सिमेंटच्या ५७ च्या आसपास पिशव्या. पट्ट्यांना सव्वा ब्रास, २८ पिशव्या. खाली गाडी वळवायची जागा असेल तर तेवढी मात्र सलग करा. पट्टीवर गाडी वळवायला गेलं की एक चाक जांभ्यावर उतरतंच.

खालची खोदाई दहा इंच. कातळ आधीच लागला तर नशीब, त्याच्यावरच धरा. नाहीतर पाच इंच सोलिंग (मोठ्या दगडांचा थर), फटींत मुरूम, पाणी मारून धुमसाने ठोका. वरच्या आणि खालच्या टोकाला आठ-आठ फूट उतार निम्मा ठेवा, नाहीतर गाडीचं नाक किंवा पोट घासेल. त्यामुळे मधला उतार सातास एक होईल, चालतं. काँक्रीट खालून वर भरत या आणि माल घट्ट ठेवा. गवंडी हमखास जास्तीचं पाणी ओततो, फिरवायला सोपं जातं म्हणून. घमेलं तिरकं केलं तर माल ढिगासारखा सरकला पाहिजे, पिठल्यासारखा वाहता कामा नये. दर पाच फुटांवर आडवी खाच, जाडीच्या चौथ्या हिश्शाची, म्हणजे सव्वा इंच खोल. भेग पडायचीच असते, ती तुम्ही सांगाल तिथे पडेल.

पकडीसाठी बाजारातलं काही आणू नका. नारळाच्या हिरांचा नवा खराटा घ्या. वरचं पाणी ओसरून अंगठा टेकला की नुसता ठसा उमटतो, बोट रुतत नाही, त्या वेळी खराटा उताराला आडवा ओढायचा, एकाच दमात, मागे न नेता. गवंडी थापीने घोटून आरसा करायला निघेल, त्याला थांबवा. तो नाराज होईल, त्याला ते अर्धवट काम वाटतं.

काम डिसेंबरात काढा. दहा दिवस गोणपाट टाकून सतत ओलं ठेवायचं आहे, आणि मे महिन्यात तुमच्या विहिरीत तेवढं पाणी असेल असं वाटत नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी पट्ट्यांवर आणि चिऱ्यांवर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासा. तोच खराटा चालेल.

प्रश्न : लातूरला नवीन प्लॉटवर घर बांधलं. फाटक ते पोर्च २० फूट, अगदी सपाट. दोनदा कोबा केला, दोनदा फुटला. दोष गवंड्याचा की सिमेंटचा?
— एक गृहिणी

उत्तर : ताई, दोघांनाही सोडून द्या. तुमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर बसवलेला पातळ कोबा दरवर्षी वर-खाली होणार, तो टिकेल कसा? दोन फूट माती काढा. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत भरा, प्रत्येक थराला पाणी आणि रोलर. सगळा एकदम ओतून वर रोलर फिरवू देऊ नका. तसं केलं की वरचे सहा इंच दबतात, खालचे बसायचे राहतात. वर तुम्हाला पेव्हर ब्लॉकच योग्य, ६० मिलिमीटरचे, एकमेकांत काटकोनात अडकतील अशा मांडणीत. चारी कडांना काँक्रीटचा कर्ब आधी, ब्लॉक मग. दोन-तीन वर्षांनी एखादी जागा खचली तर तेवढे ब्लॉक उचला, कच भरा, तेच परत बसवा. कोब्याला ती सोय नाही.

आणि काढलेली माती ट्रॅक्टरवाल्याला फुकट देऊ नका. परसात टाका, वांगी चांगली येतात.