अमेरिकी राजदूत जॉर्ज केनन यांची खाजगी कागदपत्रं कुठे आहेत? अभ्यासाला सुरुवात कुठून करू?

अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मड ग्रंथालयात. केनन तिथलेच, 1925चे पदवीधर. पत्रं, भाषणांचे मसुदे, टिपणं असं पुष्कळ आहे, पण माझं ऐकाल तर आधी डायऱ्या घ्या. अकराव्या वर्षापासून ते शंभरीपर्यंत हा माणूस लिहीत राहिला. सरकारी भाषेत जे कधीच आलं नसतं ते तिथे सापडतं: एकटेपणा, स्वतःवरचा राग, आपल्याच देशाबद्दलची निराशा.

एक गल्लत टाळा. नोकरीतला अधिकृत पत्रव्यवहार सरकारचा असतो, तो राष्ट्रीय अभिलेखागारात जातो. 22 फेब्रुवारी 1946ची मॉस्कोहून पाठवलेली, सोव्हिएत धोरण वॉशिंग्टनला उलगडून सांगणारी प्रसिद्ध 'लांब तार' मुळात सरकारीच. पाच भागांची ती तार त्यांनी आजारी असताना, अंथरुणातून सांगून लिहून घेतली होती! आता ती वाचताना मला तो ताप आणि ती दाढदुखी आठवल्याशिवाय राहत नाही.

आवाजही जरूर ऐका. 1957 साली त्यांनी बीबीसीवर रीथ व्याख्यानं, म्हणजे तिथली वार्षिक रेडिओ व्याख्यानमाला, दिली. छापील मजकुरात न दिसणारे थांबे आणि शब्दांवरचा जोर कानानेच कळतो.

जाण्याआधी संग्रहाची सूची ऑनलाइन वाचून खोक्यांचे क्रमांक टिपून ठेवा.