‘तुमच्या मागे कोण आहे?’ : उमेदवारी आणि वारसा यांविषयी एका वाचक भगिनीस उत्तर

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका ४६ वर्षांच्या वाचक भगिनीने सविस्तर पत्र पाठवले आहे. त्याचा सारांश असा : “यजमान उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहेत, मी एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. लग्नानंतर आम्ही दोघांनी विचारपूर्वक मूल होऊ द्यायचे नाही असे ठरवले. एका राजकीय पक्षाच्या महिला आघाडीचे काम मी ११ वर्षे करीत आहे. हळदीकुंकवाचे वाण वाटण्यापासून बूथवर बसण्यापर्यंत सगळे केले. तालुका पंचायतीसाठी उमेदवारी मागितली, तेव्हा भर बैठकीत मला सांगण्यात आले की लेकुरवाळ्या बाईलाच बायका मते देतात, तुमच्या मागे कोण आहे? एकाने ‘वांझोटी’ हा शब्द वापरला. इकडे घरी पुतण्या हसत हसत म्हणतो, ‘काकू, शेवटी सगळं आमच्याकडंच येणार हाय.’ माझ्या कमाईतून घेतलेला बेळगावातील एक प्लॉट आणि वडिलांच्या पश्चात वारसाने आलेली जांबोटीकडील २० गुंठे जमीन माझ्या नावावर आहे. सासूबाई हयात आहेत, माझी आईही आहे. पक्षावर दावा करता येईल काय, आणि पुतण्या म्हणतो ते खरे आहे काय?”

ताई,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आणि दुसऱ्याचे ‘प्लॉटपुरते बऱ्याच अंशी होय’ असे आहे. दोन्ही उत्तरे ऐकून वाईट वाटेल याची मला कल्पना आहे. परंतु दुसऱ्यावरचा उपाय पूर्णपणे तुमच्या हातात असून त्याला एक दिवसही पुरतो, म्हणून मी त्यावर अधिक लिहिणार आहे.

आधी उमेदवारीचे पाहू. कर्नाटक ग्राम स्वराज आणि पंचायत राज अधिनियम, १९९३ मध्ये सदस्यांच्या अपात्रतेची जी कारणे दिली आहेत त्यांत मूल नसणे हे कारण नाही. उलट सीमेपलीकडे महाराष्ट्रात, चंदगड-गडहिंग्लजकडे, सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले तर ग्रामपंचायतीचे सदस्यपद जाते. हरियाणातील अशाच तरतुदीला सर्वोच्च न्यायालयाने जावेद विरुद्ध हरियाणा राज्य या २००३ च्या निकालात वैध ठरवले होते. गंमत अशी की आता वारे उलट्या दिशेने वाहू लागले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी दोनपेक्षा अधिक मुले असणाऱ्यांनाच स्थानिक निवडणूक लढवता यावी असा कायदा करण्याचा विचार बोलून दाखवला, आणि त्याच महिन्यात तामिळनाडूचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी मतदारसंघ पुनर्रचनेच्या संदर्भात सोळा अपत्यांची भाषा केली. काल मुले कमी करा म्हणून दंड होता, आज वाढवा म्हणून आग्रह आहे. दोन्ही हिशेबांत स्त्रीची गणना तिच्या मुलांच्या संख्येवरूनच होते आणि ज्या स्त्रीने शून्य हा आकडा स्वतः निवडला तिच्यासाठी रकानाच ठेवलेला नाही. प्रचाराच्या गाडीवरून मराठीत ‘माता-भगिनींनो’ आणि कन्नडात ‘तायंदिरे, अक्क-तंगियरे’ अशी साद येते, तेव्हा तुम्ही निदान दुसऱ्या शब्दात मोडता, एवढेच.

तरीही पक्षाने तिकीट नाकारले म्हणून न्यायालयात जाता येत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम २९-अ पक्षाच्या नोंदणीपुरते आहे. उमेदवार कोणत्या निकषावर निवडावा यावर कायद्याचे बंधन नाही. पक्ष हा शासनाचा भाग नसल्याने रिट याचिका टिकणार नाही, आणि तुम्ही त्याच्या कर्मचारी नसल्याने नोकरीतील भेदभावाचे कायदेही लागू होणार नाहीत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या कायद्याखाली पक्षांनी अंतर्गत तक्रार समिती नेमणे बंधनकारक नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले, ते पक्ष आणि कार्यकर्ता यांच्यात मालक-नोकर नाते नसते याच कारणाने. अकरा वर्षे राबवून घेणाऱ्याला मालक म्हणू नये हे माझ्या मनाला पटत नाही. पण आजची स्थिती ही आहे.

बैठकीतील शब्दाबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली किंवा बदनामीच्या कलम ३५६ खाली तक्रार करता येईल काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी तो तुमच्या मनात असणार. शब्द असभ्य आहे एवढ्यावर तो स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान ठरतोच असे नाही, आणि बदनामीत ऐकणारे साक्षीदार लागतात, जे त्याच पक्षाचे पदाधिकारी आहेत. म्हणून माझा सल्ला फौजदारी तक्रारीचा नाही. लेखी दिलगिरीची मागणी करणारी वकिलाची नोटीस पाठवा आणि त्या दिवशी हजर असलेल्या दोन महिलांची नावे आजच स्वतःपाशी लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीश-वकिलांसाठी जी लिंगभावविषयक पुस्तिका काढली, तिच्यात ‘सर्व स्त्रियांना मुले हवी असतात’ हा समज चुकीचा म्हणून नोंदवलेला आहे, आणि २००९ च्या सुचिता श्रीवास्तव प्रकरणात मूल जन्माला न घालण्याचा निर्णयही व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आहे. नोटिशीत या दोन्हींचा उल्लेख जरूर करावा.

निवडणूक तुम्ही अपक्ष लढवू शकता. ग्रामपंचायतीला तर कर्नाटकात पक्षचिन्हच नसते आणि निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात, त्यामुळे तिथे पक्षाच्या ‘नाही’ला कायदेशीर किंमत शून्य आहे.

आता वारसाकडे वळू, कारण खरी उपेक्षा इथे आहे आणि ती कायद्याच्या पुस्तकातच छापलेली आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चे कलम १५ असे सांगते की स्त्री मृत्युपत्र न करता वारली तर तिची मालमत्ता प्रथम मुले आणि पती यांना, ते नसल्यास पतीच्या वारसांना, आणि त्यानंतर तिच्या आईवडिलांना मिळते. तुमच्या प्लॉटला हे लावून पाहा. तुम्ही आधी गेलात तर प्लॉट यजमानांचा होईल. त्यांनीही मृत्युपत्र केले नसेल तर त्यांच्यामागे तो सासूबाईंना, आणि त्या नसतील तर दिरांना व नणंदांना जाईल, म्हणजे पुतण्याच्या घरात त्याच्या वडिलांच्या वाटेने पोहोचेल. यजमान आधी गेले तर तुमच्या मागे तो थेट त्यांच्या वारसांकडे जाईल आणि दारोदार पिग्मी गोळा करून तुम्ही घेतलेल्या जागेत तुमच्या सख्ख्या आईला, ती तेव्हा हयात असली तरी, एक फूटही मिळणार नाही. पुतण्याचे म्हणणे प्लॉटपुरते खरे ठरते ते असे.

जांबोटीच्या जमिनीबाबत मात्र तो चुकतो. स्त्रीला आईवडिलांकडून वारसाने आलेली मालमत्ता, तिला मूलबाळ नसल्यास, कलम १५ च्या पोटकलम २ नुसार वडिलांच्या वारसांकडे परत जाते. म्हणजे ती तुमची आई आणि भावंडे यांची होईल. तुमच्या यजमानांनाही त्यात हक्क नाही. अनेक जोडप्यांना ही गोष्ट ठाऊक नसते आणि पतीच्या नावे उतारा होईल या भरवशावर ती निश्चिंत राहतात.

या कलमाने काय होऊ शकते ते ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या २००९ च्या निकालात दिसते. लग्नानंतर तीन महिन्यांत एका स्त्रीचा पती वारला, सासरच्यांनी तिला घरातून काढले, माहेरच्यांनी शिकवले, तिने नोकरी केली आणि १९९६ मध्ये ती मृत्युपत्राविना वारली. तिची भविष्य निर्वाह निधीसह सारी बचत तिच्या माहेरच्यांना नव्हे, तर पतीच्या बहिणीच्या मुलांना मिळाली. सहानुभूतीने कायदा बदलत नाही, असाच त्या निकालाचा रोख होता. त्याच्या आदल्याच वर्षी विधी आयोगाने आपल्या २०७ व्या अहवालात, अशा स्त्रीची स्वकष्टार्जित मालमत्ता सासर आणि माहेर दोन्हीकडच्या वारसांना एकाच वेळी मिळावी, अशी दुरुस्ती सुचवली होती. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, पण कलम १५ ला हात लावला नाही.

पक्षाशी भांडायचे असेल तर, ताई, तिकिटापेक्षा याच्यावर भांडा. उत्तराधिकार हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे राज्य विधिमंडळही त्यावर कायदा करू शकते. केंद्रीय कायद्याशी विसंगती येत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते, इतकेच. आणि कर्नाटकाने हे पूर्वी केलेले आहे : केंद्राच्या ११ वर्षे आधी, १९९४ मध्ये, राज्याने दुरुस्ती करून मुलींना सहदायिक हक्क, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतःच वाटा, दिला होता. त्यामुळे ‘हे दिल्लीचे काम आहे’ असे उत्तर मत मागायला आलेला विधानसभेचा उमेदवार देऊ लागला तर ते स्वीकारू नका. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आपल्याच बेळगावात, सुवर्ण विधानसौधात भरते. तिथे दरवर्षी ऊस, सीमाप्रश्न, वेतन यांवर निवेदने जातात, तसे हेही एक जाऊ शकते. याउलट, जाहीरनाम्यात काही छापून आले तरी त्यावर विसंबू नका, कारण जाहीरनाम्यातील आश्वासन न्यायालयातून वसूल करता येत नाही. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे की राज्याची गृहलक्ष्मी योजना महिन्याचे २,००० रुपये देताना मूल आहे काय असे विचारीत नाही. ती शिधापत्रिकेवरील कुटुंबप्रमुख स्त्री पाहते. तुमच्या घरी ती सासूबाई आहेत, म्हणून पैसे त्यांच्या खात्यावर येतात, तुम्हाला मूल नाही म्हणून नव्हे.

कायदा बदलेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. कलम १५ लागू होते ते मृत्युपत्र नसेल तरच. तुम्ही आणि यजमान, दोघांनी स्वतंत्र मृत्युपत्रे करावीत. एकत्रित करू नयेत, कारण एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याला ते बदलता येते की नाही यावर वाद उभे राहतात. तुमच्या मृत्युपत्रात प्लॉट आणि जमीन यांचा सर्व्हे क्रमांकासह वेगळा उल्लेख असावा, पहिला लाभार्थी आणि तो आधी वारल्यास दुसरा लाभार्थी कोण हे स्पष्ट लिहावे, आणि तुमच्यापेक्षा वयाने लहान, विश्वासू असा व्यवस्थापक (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) नेमावा. यजमानांनी न केल्यास त्यांच्या मालमत्तेत तुम्ही आणि सासूबाई समान वाटेकरी व्हाल, हे त्यांना समजावून सांगा.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर चालते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार तुमची सही आणि ती पाहणारे दोन साक्षीदार आवश्यक आहेत. नोटरीचा शिक्का मारला की झाले, हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे. नोटरी साक्षीदारांची जागा घेत नाही. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी ऐच्छिक आहे, पण पुतण्याचे बोलणे ऐकल्यावर मी ती करूनच घ्या असे म्हणेन. प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची, सक्ती बेळगावला नाही; ती जुन्या मुंबई इलाख्यातील मृत्युपत्रांना होती असे काही जण सांगतात, पण ती मुंबई शहरातील उच्च न्यायालयाच्या मूळ अधिकारक्षेत्रापुरती होती, साऱ्या इलाख्याला नव्हे. पतसंस्थेतील ठेवींना यजमानांचे नामनिर्देशन आहे म्हणून तेवढे पुरे, असेही समजू नका. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते. मालकी वारसाने किंवा मृत्युपत्राने ठरते.

पुतण्या आत्ताच ‘प्लॉट बक्षीसपत्राने द्या, आम्ही सांभाळू’ असे म्हणू लागला तर सावध राहा. मृत्युपत्र केव्हाही बदलता येते, बक्षीसपत्र सहसा नाही. द्यायचेच ठरले तर सांभाळण्याची अट दस्तातच लिहून घ्या, म्हणजे साठीनंतर ती मोडली गेल्यास ज्येष्ठ नागरिक अधिनियम, २००७ च्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दस्त रद्द करण्याची मागणी करता येईल. अपत्यहीन माणसाची आठवण ठेवणारा आपल्याकडचा हाच एक ठळक कायदा आहे. अपत्य नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्याला पुढे वारसाने मिळणार आहे, किंवा ज्याच्या ताब्यात आहे, त्या सज्ञान नातेवाइकाकडून पोटगी मागण्याचा हक्क तो देतो. शेवटी सगळे आपल्याकडेच येणार, असे पुतण्या म्हणतो आहे. त्याच्या जोडीला हे कर्तव्यही येते, हे त्याला एकदा चहा पिताना सांगून पाहा.

मृत्युपत्र मराठीत केले तरी चालते. नोंदणी अधिनियम, १९०८ चे कलम १९ जिल्ह्यात सर्रास वापरात नसलेल्या आणि अधिकाऱ्याला न समजणाऱ्या भाषेतील दस्तालाच भाषांतराची अट घालते, आणि मराठी बेळगाव जिल्ह्यात वापरात नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही सब-रजिस्ट्रार कचेरीत हुज्जत घालत दिवस घालवण्यापेक्षा सोबत कन्नड भाषांतराची प्रत न्या. प्लॉटचा उतारा, जमिनीची पहाणी (सात-बारासारखा उतारा), दोघांची ओळखपत्रे आणि दोन्ही साक्षीदार बरोबर असू द्या. अपक्ष अर्ज भरायचे ठरलेच तर प्रतिज्ञापत्रातील ‘आश्रित’ हा रकाना कोरा सोडू नका, तिथे ‘कोणी नाही’ असे स्पष्ट लिहा. रकाने कोरे ठेवलेले प्रतिज्ञापत्र आठवण देऊनही पूर्ण केले नाही तर अर्ज फेटाळता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे.