रडले तर गाठ परत येईल का?

"बाय, मी रडले तर औषध लागू पडणार नाही का?"

नवरा बाहेर छत्री मिटत होता, तेवढ्यात त्यांनी हे घाईघाईनं विचारून घेतलं. तो आत यायच्या आधी त्यांना उत्तर हवं होतं. जुलैचा पाऊस कोसळत होता आणि गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावातून दोघं म्हापशाला माझ्याकडे समुपदेशनासाठी आली होती. वय पन्नाशीच्या जवळ, स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं, किमोचे दोन डोस झालेले, डोक्याला सुती रुमाल. मी त्यांना वहिनी म्हणायचे. त्यांच्या परवानगीनं हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी विचारतात. भेटायला येणारा प्रत्येक माणूस "पॉझिटिव्ह राहा" म्हणून जातो. वहिनींच्या नणंदेनं तर स्पष्टच सांगितलं होतं, "रडत बसलीस तर गाठ परत येईल." प्रेमापोटीच सांगितलं, पण ऐकणारीच्या मानेवर त्याचं केवढं ओझं बसतं! तेव्हापासून वहिनी रडायच्या त्या न्हाणीघरात, नळ सोडून. बाहेर आल्या की तोंड पुसून हसायच्या.

मी त्यांना सरळ सांगितलं, नाही. रडण्यानं गाठ वाढत नाही, भीतीनं किमोचा जोर कमी होत नाही. २००७ साली अमेरिकेत डोकं आणि मान या भागांच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मनानं उत्साही असलेले रुग्ण जास्त जगले, असं त्यात आढळलं नाही. हे ऐकून काही जण खट्टू होतात, कारण त्यांना वाटतं की आपल्या हातातलं एक हत्यार गेलं. वहिनींनी मात्र इतका मोठा श्वास सोडला की मी पाण्याचा पेला पुढे केला.

मन जपायचंच नाही, असं मी म्हणत नाही. मन थाऱ्यावर असेल तर झोप लागते, दोन घास जातात, पुढच्या डोसाला बाई वेळेवर बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला पोचते. पण मन जपणं वेगळं आणि तोंडावर हसू चिकटवणं वेगळं. त्या हसण्याची किंमत वहिनींनी किती मोजली होती, ते दुसऱ्या भेटीत कळलं. दुसऱ्या डोसानंतर तोंड इतकं आलं होतं की चार दिवस पेजसुद्धा गिळवत नव्हती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बरं आहे." त्याच आठवड्यात एका संध्याकाळी अंग तापलं. थर्मामीटरनं १०१ दाखवलं आणि त्यांनी तो उशीखाली सारला. कुणी घाबरू नये म्हणून!

मी त्या दिवशी जरा कडक बोलले. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप खाली येतात. त्या काळात ताप १००.४ च्या वर गेला तर तो जिवावर बेतू शकतो. तेव्हा रात्र असो, पाऊस असो, लगेच हॉस्पिटलला कळवायचं. तोंड आलं तर त्यावर औषध मिळतं, उलट्यांवर मिळतं, पण सांगितलं तर. "वहिनी, त्रास सांगणं म्हणजे रडगाणं नव्हे. तोही उपचारच आहे," असं म्हणून मी एक दोनशेपानी वही त्यांच्या हातात दिली.

वहीत त्या भीती लिहायच्या, एकेका ओळीत एकेक, आणि मग आम्ही दोघी त्या निवडायचो. काही डॉक्टरांना विचारायच्या होत्या: हात सुजेल का, केस परत कधी येतील. काही नवऱ्याशी बोलायच्या होत्या: मुलाची बारावी, सोसायटीचं कर्ज. आणि काही कुणालाच विचारता येण्यासारख्या नव्हत्या. "पुढच्या चवथीला मी असेन का?" या ओळीपुढे आम्ही काही लिहिलं नाही. त्या रडल्या, मी बसून राहिले. अशा वेळी "असणारच की" म्हणायचा मोह होतो, पण जे मला माहीत नाही ते मी सांगत नाही.

तिसऱ्या भेटीत त्यांनी दार लोटून घेतलं आणि आतलं आणखी एक बाहेर काढलं. ऑपरेशनच्या आधी कुलदेवतेला कौल लावला होता, म्हणजे मूर्तीला पाकळ्या लावून उत्तर मागितलं होतं, आणि पाकळी डावीकडून पडली होती, म्हणजे उत्तर नकाराचं होतं. घरी कुणालाच त्यावर बोलायचं नव्हतं. गोव्यात वाढलेल्या माणसाला त्या पाकळीचं वजन वेगळं सांगावं लागत नाही. त्यांच्या श्रद्धेशी वाद घालायचं मला काही कारण नव्हतं. मी एवढंच विचारलं, "आणि तरी ऑपरेशनला गेलात?"

"गेले. स्ट्रेचरवर पाय लटलट कापत होते."

"तेव्हा हसत होतात?"

"छे! भटजींनी दिलेला अंगारा मुठीत धरून रडत होते."

मग त्या स्वतःच गप्प झाल्या. धीर नाही, धीर नाही म्हणून ज्या दोन महिने स्वतःला कोसत होत्या, त्यांना ती मूठ आठवली असावी.

नवऱ्याशी मी वेगळी बोलले. बिचारा पहाटे उठून भात शिजवायचा, कपडे धुवायचा, बायकोला काडी उचलू द्यायचा नाही. वहिनींचं म्हणणं होतं, "मला माझ्याच घरात पाहुणी करून ठेवलीय." काखेतल्या गाठी काढलेल्या हातानं कळशी उचलायची नाही, हे बरोबरच. पण बाकीची बाई कुठे गेली? चवथ आली तेव्हा ठरलं की माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, वहिनींच्या हुकुमानं बांधायची. त्या खुर्चीवर आणि मुलगा शिडीवर. कवंडळ इकडे, सुपारीचा घोस तिकडे, आंबाडे जरा खाली, चिबूड मधोमध. दोन तास ओरडून ओरडून घसा बसला, असं नंतर सांगत होत्या आणि सांगताना खरोखर हसत होत्या. भजनी मंडळाच्या बायकांना डोकं दाखवायची लाज वाटायची, म्हणून त्यांनी जाणंच सोडलं होतं. डोसानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात, पेशी वर आलेल्या असताना, चौघी त्यांच्या अंगणात येऊन बसल्या. त्यांना आधीच बजावलं होतं, उपदेश नको, फक्त अभंग म्हणायचे.

सगळ्यांचं मात्र एवढ्यावर भागत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच जीव रमत नसेल, झोप उडाली असेल, उपचार सोडावेसे किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर ती नुसती भीती नव्हे. तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर औषध आहे. बांबोळीलाच मानसोपचार संस्था आहे. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. तिथे जाण्यात कमीपणा मानणाऱ्या घरांची मला मनापासून काळजी वाटते.

किमोच्या लाल रंगाच्या औषधाचे चार डोस संपून वहिनींचे दुसऱ्या औषधाचे दर आठवड्याचे डोस सुरू झाले. बोटांना मुंग्या येत होत्या, ते त्यांनी पहिल्याच दिवशी नर्सला सांगितलं, असं मला अभिमानानं कळवलं. ऑक्टोबरात दोघं आली तेव्हा नवराच आधी बोलला.

"काल ती रडली. स्वयंपाकघरात, माझ्यासमोर. मला काय करावं समजेना."

"मग काय केलंत?"

"बाजूला बसलो. मग चहा केला. साखर जास्त पडली."

"प्याले मी," वहिनी म्हणाल्या आणि वही उघडली.